'अ', 'ॲन' की 'द'? इंग्रजीतली तीन छोटी उपपदे कुठे लावायची, कुठे नाही

बल्लारपूर : ही दोन वाक्ये पाहा. 'अ टायगर किल्ड माय काऊ.' आणि 'द टायगर किल्ड माय काऊ.' दोन्हींचा मराठी अर्थ वरवर एकच वाटतो, वाघाने माझी गाय मारली. पण इंग्रजी वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी कळतात. पहिल्या वाक्यात कुठला तरी एक वाघ आहे, तो कोणता हे ठाऊक नाही. दुसऱ्यात तोच वाघ आहे, ज्याच्याबद्दल आधी बोलणे झालेले आहे. आठ दिवसांपासून गावाभोवती फिरणारा, वनविभागालाही माहीत असलेला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा फरक किती मोठा आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

वनविभागाकडे किंवा तहसीलला अर्ज मराठीतच देता येतो आणि तो मराठीतच द्यावा. पण इंग्रजी टाळता येत नाही अशा जागा वाढल्या आहेत. बँकेचा मेसेज, विम्याचा कागद, कंपनीतल्या नोकरीचा अर्ज, पोराची ऑनलाइन मुलाखत. शिवाय भरती. 2023 च्या तलाठी भरतीत 200 गुणांपैकी 50 गुण एकट्या इंग्रजीचे होते. वनरक्षकाच्या लेखी परीक्षेतही इंग्रजी असतेच. अशा पेपरांत 'अ, ॲन, द' चा प्रश्न नेहमीचा पाहुणा आहे. शब्दसंग्रह पाठ करायला महिने लागतात, उपपदे मात्र चार-पाच दिवस नीट बसले तर जमतात.

चूक होते कुठे?

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही बारावी झालेला मुलगा 'आय ॲम स्टुडंट' म्हणतो. यात त्याच्या डोक्याचा दोष नाही. मराठीत उपपद नावाचा प्रकारच नाही. हिंदीत नाही, संस्कृतात नव्हता. बल्लारपुरात घरोघरी ऐकू येणाऱ्या तेलुगूतही नाही. रशियन माणूस इंग्रजी बोलताना नेमकी हीच चूक करतो, कारण त्याच्या भाषेतही उपपदे नाहीत.

उपपद नसले तरी त्याचे काम मराठी माणूस रोज करतो, फक्त त्याच्या लक्षात येत नाही. आजी गोष्ट कशी सांगते? 'एका गावात एक म्हातारी राहायची. त्या म्हातारीकडे एक बकरी होती. ती बकरी एक दिवस रानात गेली.' पहिल्यांदा नाव निघाले की 'एक', दुसऱ्यांदा निघाले की 'ती' किंवा 'त्या'. इंग्रजीत हेच 'अ' आणि 'द'. 'देअर वॉज ॲन ओल्ड वुमन. द ओल्ड वुमन हॅड अ गोट. द गोट वेंट इनटू द फॉरेस्ट.' तेलुगूतही गोष्ट सांगताना 'ओक' म्हणजे 'एक' असाच वापरतात.

फरक इतकाच की मराठीत 'एक' गाळले तरी चालते, इंग्रजीत चालत नाही. 'मी शिक्षक आहे' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत 'आय ॲम टीचर' हे कुठेतरी मोडलेले वाक्य वाटते. मोजता येणारी वस्तू किंवा माणूस एकटा असेल, तर त्याच्या पुढे काहीतरी हवेच. 'अ', 'ॲन', 'द', नाहीतर 'माय', 'युवर', 'धिस' यांपैकी एक. 'आय ॲम अ टीचर', 'शी इज ॲन आशा वर्कर', 'ही इज माय ब्रदर'. जागा रिकामी ठेवायची नाही.

'अ' की 'ॲन' : अक्षर पाहू नका, आवाज ऐका

शाळेत सांगतात, ए, ई, आय, ओ, यू या स्वरांपुढे 'ॲन' लावा. नियम बरोबर आहे, पण अर्धाच. स्वर कागदावर दिसतो म्हणून नाही, तोंडातून निघतो म्हणून 'ॲन' लागतो. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. देवनागरीत आपण बोलतो तसे लिहितो. शब्द देवनागरीत लिहून पाहा. सुरुवात अ, आ, इ, ए, ऑ, ओ अशा स्वराने झाली तर 'ॲन'. क, ब, य, व अशा व्यंजनाने झाली तर 'अ'.

'अवर' म्हणजे तास. इंग्रजीत तो एच अक्षराने सुरू होतो, पण तो एच मुका आहे. देवनागरीत 'अवर' लिहिला की 'अ' दिसतो, म्हणून 'ॲन अवर'. तसेच 'ॲन ऑनेस्ट मॅन'. पण 'हॉस्पिटल'मध्ये ह ऐकू येतो, म्हणून 'अ हॉस्पिटल'. 'युनिव्हर्सिटी' इंग्रजीत यूने सुरू होते आणि मुले फसतात. देवनागरीत तिथे 'य' आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युनिफॉर्म', 'अ युरोपियन'. 'वन' ओ अक्षराने सुरू होतो, पण ऐकू येतो 'व', म्हणून 'अ वन-रुपी कॉइन'. आकड्यांचेही तेच. खाणीतली आठ तासांची पाळी म्हणजे 'ॲन एट-आवर शिफ्ट', कारण 'एट'ची सुरुवात 'ए'ने होते.

लघुरूपांत सर्वांत जास्त चुका होतात आणि मोबाइलवर तर लघुरूपांचाच पाऊस असतो. इथेही अक्षराचा उच्चार ऐकायचा. 'ॲन ओटीपी', 'ॲन एसएमएस', 'ॲन एटीएम', 'ॲन एफआयआर', 'ॲन आरटीआय ॲप्लिकेशन', 'ॲन एलआयसी एजंट', 'ॲन एनओसी', 'ॲन एमएलए'. उलट 'अ यूपीआय पेमेंट', 'अ क्यूआर कोड', 'अ पीडीएफ', 'अ डीएफओ'. इंग्रजीच्या 26 अक्षरांपैकी बारांची नावे स्वराने सुरू होतात : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स. यांतले एखादे पहिले असेल आणि अक्षरे सुटी वाचली जात असतील, तर 'ॲन'. सुटी न वाचता अख्खा शब्द म्हणून वाचले तर हिशेब बदलतो. 'नीट' परीक्षेला कोणी एन-ई-ई-टी म्हणत नाही. म्हणून 'अ नीट स्टुडंट', पण 'ॲन एनसीईआरटी बुक'.

आपल्या भागात यात एक खास फसगत होते. गावाकडे 'एक'ला 'येक' आणि एसटीला 'येष्टी' म्हणायची सवय आहे. तेलुगू घरांतही एमला 'यम' किंवा 'येम' म्हणतात. कानाला 'य' ऐकू आला की मन म्हणते, व्यंजन आहे, 'अ' लाव. आणि उत्तर चुकते. इंग्रजीच्या हिशेबात उच्चार 'एस' आणि 'एम' आहे, म्हणून 'ॲन एसटी बस' आणि 'ॲन एमआयडीसी प्लॉट'. घरी येष्टी म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पेपर सोडवताना मधला 'य' काढून टाकायचा.

आणखी एक. उपपद त्याच्या लगेच पुढच्या शब्दाप्रमाणे ठरते, मुख्य नामाप्रमाणे नाही. 'अ फोर्ट', पण 'ॲन ओल्ड फोर्ट'. 'ॲन एलिफंट', पण 'अ वाइल्ड एलिफंट'. मध्ये विशेषण घुसले की पुन्हा कान लावा.

गमतीचा भाग असा की मुळात 'ॲन' हाच जुना. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सरळ 'एक' असा होता. व्यंजनापुढे बोलताना त्यातला न गळाला आणि 'अ' उरला. हा न कधी कधी भलत्या शब्दाचाही गेला. स्वयंपाकघरातल्या ॲप्रनला इंग्रजीत पूर्वी 'नॅप्रन' म्हणत. 'अ नॅप्रन' बोलता बोलता 'ॲन ॲप्रन' झाले. 'ॲडर' नावाच्या सापाच्या नावापुढचा न असाच गेला.

'द' : ऐकणारा 'कोणता?' विचारेल का?

'द'साठी पुस्तकात दहा-पंधरा नियम असतात. पण त्यांतले बरेचसे एका प्रश्नात बसतात. वाक्य मनातल्या मनात समोरच्याला सांगून पाहा. तो 'कोणता?' असे विचारणार असेल तर 'अ' किंवा 'ॲन'. त्याला आधीच कळलेले असेल तर 'द'.

'कॉल अ डॉक्टर' म्हणजे कोणताही डॉक्टर बोलवा. 'कॉल द डॉक्टर' म्हणजे गावात आहेत ते, किंवा कालपासून औषध देत आहेत तेच. 'क्लोज द डोअर' म्हटल्यावर कोणते दार, असे कोणी विचारत नाही, म्हणून 'द'. सूर्य, चंद्र, पृथ्वी एकेकच आहेत : 'द सन', 'द मून', 'द अर्थ'. तालुक्याला तहसीलदार एक आणि जिल्ह्याला कलेक्टर एक : 'द तहसीलदार', 'द कलेक्टर'. सर्वांत उंच एकच असतो, पहिलाही एकच : 'द टॉलेस्ट ट्री', 'द फर्स्ट बस'. 'ओन्ली' आणि 'सेम' यांचेही तसेच : 'द ओन्ली रोड', 'द सेम टायगर'.

कागदांवर सही करताना हा 'द' फार जपून वाचायचा. कर्जाच्या इंग्रजी करारात वर एकदा नाव येते आणि खाली 'हिअरइनआफ्टर कॉल्ड द बॉरोअर' असे लिहिलेले असते. त्यानंतर करारात जिथे जिथे 'द बॉरोअर' येईल, तिथे तिथे तो एकच माणूस, म्हणजे सही करणारा. जमिनीच्या कागदात 'द सेड लँड' आले तर कोणतीही जमीन नाही, वर गट क्रमांक दिलेली तीच. वरचा क्रमांक चुकलेला असेल तर खालचा प्रत्येक 'द' चुकीच्या जमिनीकडे बोट दाखवतो. म्हणून असा शब्द दिसला की आधी वर जाऊन पाहावे, तो नेमका कशाबद्दल आहे. बँकेच्या मेसेजमध्येही हेच दिसते. 'ॲन ओटीपी हॅज बीन सेंट' म्हणजे एक ओटीपी पाठवला आहे. 'डू नॉट शेअर द ओटीपी' म्हणजे आत्ता आलेला तो कोणाला सांगू नका.

नावांपुढे मात्र तर्क कमी आणि रिवाज जास्त. नद्यांना 'द' लागतो : द वर्धा, द वैनगंगा, द प्राणहिता, द इंद्रावती, द गोदावरी. गावाला, शहराला, राज्याला लागत नाही. बल्लारपूर, राजुरा, महाराष्ट्र हे सगळे नुसतेच. इथे एक उपयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'वर्धा' नदीही आहे आणि शहरही. 'आय क्रॉस्ड द वर्धा' म्हणजे नदी ओलांडली. 'आय वेंट टू वर्धा' म्हणजे वर्धा शहरात गेलो. उपपदच सांगते, पाणी की गाव.

तलावाच्या नावाला 'द' नाही : घोडाझरी लेक, लोणार लेक. एकट्या शिखराला नाही, पण डोंगररांगेला आहे : द सातपुडा. 'इंडिया' नुसते, पण 'द युनायटेड स्टेट्स'. 'ताडोबा' नुसते, पण पूर्ण नाव आले की 'द ताडोबा-अंधारी टायगर रिझर्व्ह'. 'गोंडवाना युनिव्हर्सिटी' नुसती, पण नावात 'ऑफ' आले की 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'. रेल्वेगाडीला लागतो : 'द ग्रँड ट्रंक एक्सप्रेस'. वर्तमानपत्रांच्या नावातच तो बहुतेक वेळा असतो, जसे नागपुरातून 1911 मध्ये सुरू झालेले 'द हितवाद'.

कुठे काहीच लावायचे नाही

चूक लक्षात आली की काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक शब्दापुढे 'द' ठोकतात. 'द माय फादर इज वर्किंग इन द बल्लारपूर.' हेही तितकेच खटकते. 'माय' असताना 'द' नको आणि शहराला 'द' नसतोच.

जे मोजता येत नाही, त्याला 'अ' लागत नाही. पाणी, दूध, तांदूळ, कोळसा, लाकूड. 'अ वॉटर', 'अ राइस' होत नाही. हे सोपे आहे. अवघड जातात ते 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'लगेज' हे शब्द. मराठीत एक माहिती, एक सल्ला असे म्हणता येते, म्हणून 'ॲन इन्फर्मेशन', 'ॲन ॲडव्हाइस' तोंडात येते. इंग्रजीत ते चूक. 'सम इन्फर्मेशन' किंवा 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावे. जमीनही अशीच. दोन एकर घेतली तरी 'अ लँड' नाही, 'अ पीस ऑफ लँड'.

काही शब्द मात्र उपपद लावताच अर्थ बदलतात. बल्लारपूर कागदाच्या कारखान्यासाठी ओळखले जाते, तेव्हा उदाहरण इथलेच घ्यावे. 'द मिल मेक्स पेपर' यात पेपर म्हणजे कागद हा माल, म्हणून उपपद नाही. 'आय बॉट अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र विकत घेतले. आणि 'द पेपर वॉज डिफिकल्ट' म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका अवघड होती. लोखंडाचेही तसेच. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघते ते 'आयर्न ओर', उपपदाशिवाय. पण 'आय बॉट ॲन आयर्न' म्हणजे कपड्यांची इस्त्री आणली. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पाणी प्यायचा पेला.

भाषा, सण, जेवण आणि 'बाय' लावलेले वाहन यांनाही उपपद नाही. 'आय स्पीक मराठी', 'वी मीट ॲट दिवाळी', 'आफ्टर लंच', 'बाय ट्रेन', 'बाय बस'. पोरगी शिकायला जाते तेव्हा 'शी गोज टू स्कूल'. बाप पालकसभेला जातो तेव्हा 'ही वेंट टू द स्कूल'. शाळेचे मूळ काम शिकणे. त्यासाठी गेले तर नुसते, दुसऱ्या कामासाठी त्या इमारतीत गेले तर 'द'. वर्गाबाबत 'इन अ टेन्थ स्टँडर्ड' हे चूक, 'इन द टेन्थ स्टँडर्ड' किंवा 'इन क्लास टेन' हे बरोबर. आणि सगळ्या वाघांबद्दल बोलायचे तर अनेकवचन नुसतेच : 'टायगर्स ईट मीट'. पण काही ठराविक वाघ असतील तर 'द टायगर्स ऑफ ताडोबा'.

एका 'अ'ने पूर्ण अर्थ उलटतो

'देअर इज अ लिटल वॉटर इन द वेल' म्हणजे विहिरीत थोडे पाणी आहे, भागेल. 'देअर इज लिटल वॉटर इन द वेल' म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचे हेच नाते आहे. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे चार लोक तरी आले. 'फ्यू पीपल केम' म्हणजे कोणी फिरकलेच नाही म्हणा ना. टँकर मागणाऱ्या इंग्रजी निवेदनात चुकून 'अ लिटल वॉटर' गेले, तर वाचणारा म्हणेल, पाणी आहे की.

'अ'चा आणखी एक उपयोग रोजचा आहे. 'ट्वाइस अ डे' म्हणजे दिवसातून दोनदा, 'फॉर्टी रुपीज अ किलो' म्हणजे किलोला चाळीस रुपये. इथे 'अ' म्हणजे आपले 'दर'. औषधाच्या बाटलीवर हे हमखास लिहिलेले असते.

पाट्यांवरचा 'दि' आणि बातमीतला गायब 'द'

पतसंस्थांच्या, सहकारी बँकांच्या मराठी पाट्यांवर नावाआधी 'दि' लिहिलेला दिसतो. तो हाच 'द'. इंग्रजीत स्पेलिंग एकच, उच्चार मात्र दोन. व्यंजनापुढे 'द', स्वरापुढे 'दी'. 'द टायगर', पण 'दी एलिफंट'. परीक्षेत याने काही बिघडत नाही, मुलाखतीत बोलताना ऐकायला बरे वाटते.

इंग्रजी पेपर वाचून शिकणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. मथळ्यांत जागा वाचवायला उपपदे गाळतात. 'टायगर किल्स फार्मर' हा मथळा म्हणून ठीक, पण अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत तसे लिहिले तर गुण जातात. शिकायचे तर मथळ्याखालची बातमी वाचावी. परीक्षेत मात्र 'कालिदास इज द शेक्सपियर ऑफ इंडिया' असली वाक्ये येतच राहतात. बोलताना असे कोणी म्हणत नाही, पण प्रश्न काढणाऱ्यांना ते फार आवडते. नियम एवढाच की माणसाच्या नावापुढे 'द' नसतो, पण एखाद्याची तुलना मोठ्या माणसाशी केली की लागतो.

सराव

रिकाम्या जागा भरून पाहा. एका ठिकाणी काहीच भरायचे नाही.

बल्लारपूर इज ऑन (1) बँक ऑफ (2) वर्धा. देअर इज (3) ओल्ड फोर्ट इन (4) टाऊन. (5) गोंड किंग बिल्ट (6) फोर्ट. वी वेंट देअर बाय (7) बस. इट टुक अस हाफ (8) अवर.

उत्तरे : (1) द, कारण कोणता काठ ते पुढे सांगितले आहे. (2) द, नदी आहे. (3) ॲन, पुढे 'ओल्ड' आहे. (4) द, कोणते शहर ते कळलेले आहे. (5) अ, या उताऱ्यात राजा पहिल्यांदाच आला आणि त्याचे नाव सांगितलेले नाही. (6) द, किल्ल्याचा उल्लेख आधी झालेला आहे. (7) काही नाही, 'बाय' आहे. (8) ॲन, तोंडाने 'अवर' म्हणून पाहा.